भुताच्या खेळाला पहिल्यांदा बसताना: काय घ्यायचं आणि कोणती गोष्ट खेळवायची

शहाद्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पाच मित्र, सगळे नवखे. खेळवणार तुम्ही, आणि तुम्हीही नवखेच. भुताखेतांचा रोलप्लेइंग खेळ (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवतात) मांडायचाय, खिशात चार हजार रुपये आहेत. गेममास्टरची, म्हणजे खेळवणाऱ्याची स्क्रीन (त्याचे कागद झाकणारा आडोसा), नकाशे, मिनिएचर (पात्रांच्या छोट्या बाहुल्या), कार्डांचे गठ्ठे, मेणबत्त्या, भयाण संगीत यातलं आधी काय घ्यावं? पहिली साहसकथा तयार घ्यावी की आपल्याकडच्या भुतांवर स्वतःच लिहावी? आणि जाता जाता, बारा वर्षांचा भाचा मागे लागलाय, त्याला बसवू का?

मी जळगावात बरीच वर्षं हेच खेळ खेळवतोय, कधी कॉलेजच्या पोरांना, कधी नोकरीधंद्यातल्या मित्रांना, हिवाळ्यात गच्चीवर आणि उन्हाळ्यात कूलरसमोर. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमची खरी अडचण खरेदीची नाही. भुताच्या खेळात खेळवणाऱ्याकडे एकच भांडवल असतं: खेळाडूंना अजून न कळलेली गोष्ट. तलवारबाजीच्या खेळात राक्षस समोर उभा राहिला की मजा सुरू होते. इथे तो नीट दिसला की निम्मी मजा संपते. त्यामुळे कुठलंही सामान हातात घेतलं की मी एकच विचारतो, माहिती थोडी थोडी, योग्य माणसाला, योग्य वेळी द्यायला याचा उपयोग होतो का? होत असेल तर ते घरी बनवलेलं असलं तरी लाखमोलाचं. होत नसेल तर ते कपाटात छान दिसेल, इतकंच. साहसकथाही याच मापानं मोजायची.

काही गोष्टी मात्र तुमच्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. मित्रांना मारामारी हवीय की भीती? सलग किती तास बसतील? इंग्रजी वाचायला कंटाळतात का? बसणार कुठे, बंद खोलीत की शेतावर? माझी उत्तरं मी असं धरून देतोय की तीनचार तासांची एक बैठक आहे, बोलणं मराठी-अहिराणीत चालणार आहे, आणि इंग्रजी नियम फक्त तुम्ही वाचणार आहात.

आधी फासे, कारण ते खेळावर ठरतात. ‘कॉल ऑफ थुलू’ हा या प्रकारातला सगळ्यात रुळलेला खेळ, सँडी पीटरसन यांचा, केऑसियम कंपनीनं १९८१ साली काढलेला. त्यात सगळं शेकड्यावर चालतं. तुमच्या पात्राचं ‘दप्तर धुंडाळणे’ ४५ असेल, तर दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. ४५ किंवा कमी पडलं की जमलं. काम अवघड असेल तर निम्म्याच्या आत पडायला हवं, फारच अवघड असेल तर पाचव्या हिश्श्याच्या आत. सातव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल किंवा प्रतिकूल असेल तर दशकाचा एक जादा फासा टाकतात, म्हणून दशकाचे फासे दोनतीन तरी हवेत. पाच जणांना पाच संच घ्यायची गरज नाही. टेबलावर दोन जोड फिरवल्या की पुरतं, आणि कोणी फासा टाकतोय म्हटल्यावर सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, तो फायदा वेगळाच. ‘व्हेसेन’ हा स्वीडनच्या फ्री लीग कंपनीचा खेळ साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतो. मूठभर टाकायचे, सहा आला की यश. असे फासे ल्युडोच्या डब्यातूनही निघतात. ‘ड्रेड’ला तर फासेच लागत नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा मध्ये ठेवायचा, जोखमीचं काही करायचं झालं की एक ठोकळा ओढून वर ठेवायचा, मनोरा पडला की ते पात्र गोष्टीतून गेलं. आकडेमोडीला घाबरणाऱ्या मंडळींसाठी यासारखं दुसरं काही नाही. फक्त मनोरा खाटेवर मांडू नका. एकानं कूस बदलली की पात्र फुकट मरतं.

स्क्रीन. विकतची स्क्रीन देखणी असते, पण तिच्यावर कंपनीनं जे छापलंय ते सगळं तुम्हाला पहिल्या रात्री लागत नाही, आणि जे लागतं ते तिच्यावर नसतं. म्हणून पहिली स्क्रीन घरी करा. जाड पुठ्ठ्याच्या दोन जुन्या फायली घ्या, आडव्या उभ्या करून मध्ये चिमट्यांनी जोडा. उंची वीतभरच ठेवा, समोरच्यांचे चेहरे दिसले पाहिजेत, कारण कोण कंटाळलाय आणि कोण घाबरलाय हे तिथेच कळतं. आतल्या बाजूला डावीकडे नियमांचं एकच पान: निम्मा, पाचवा हिस्सा, जादा फासा, आणि मनःस्थैर्य ढळण्याची पद्धत. कॉल ऑफ थुलूमध्ये एका दणक्यात मनःस्थैर्याचे पाच किंवा जास्त गुण गेले तर बुद्धीवर फासा टाकतात, आणि तो जमला तर माणूस काही काळापुरता भ्रमिष्ट होतो. म्हणजे ज्याला समोरचा प्रकार नीट उमगला तोच कोसळतो. हा उलटा नियम ऐन वेळी हमखास विसरतो, म्हणून लिहून ठेवायचा.

मधल्या पानावर नावं. गावातला कोणीही माणूस अचानक बोलायला लागतो आणि खेळाडू विचारतात, ‘नाव काय त्याचं?’ तुम्ही अडखळलात की त्यांना कळतं हा बिनमहत्त्वाचा आहे. पटकन सांगितलंत की सगळेच सारख्या संशयाचे होतात. पाटील, चौधरी, महाजन, कोळी, बडगुजर, पावरा, वसावे अशी आडनावं, प्रत्येकापुढे एक लकब: सारखा सुपारी कातरतो, ऐकू कमी येतं, प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देतो. उजवीकडे दुव्यांचा तक्ता: कोणती गोष्ट कुठे कळू शकते, आणि कोणाला कळली. कळली की खूण करायची. हा तक्ता कुठलीही कंपनी तुम्हाला छापून देणार नाही, आणि पूर्ण स्क्रीनमध्ये सगळ्यात कामाचा तोच.

स्क्रीनमागे काय लपवायचं, हाही प्रश्न असतो. जखमेचे आणि जीवनमरणाचे फासे मी सगळ्यांसमोर टाकतो, म्हणजे मी कोणाला वाचवलं किंवा मारलं असा आरोप येत नाही. ‘समोरचा खरं बोलतोय का?’ याचा फासा मात्र पडद्याआड. खेळाडूनं स्वतः टाकला, ९० पडले आणि मी म्हटलं ‘खरं बोलतोय वाटतं’, तर त्याला लगेच कळतं की माझ्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. आड टाकला की तो माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतो.

आता ज्याच्यावर वेळ आणि पैसा घालवावा ती गोष्ट: हातात देण्याचे कागद, म्हणजे हँडआउट. मी इथे हात आखडता घेत नाही. पत्र, कात्रण, सात-बाराचा उतारा, दवाखान्याची चिठ्ठी, जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला हिशेब. कागद चहात बुडवून कडा जाळायच्या उद्योगाला मी फारसं महत्त्व देत नाही. कागद जुना दिसण्यापेक्षा त्यावर काय नाही हे महत्त्वाचं. उताऱ्यावर चार नावांपैकी एकावर रेघ मारलेली असावी आणि ती कोणी मारली ते कुठेच लिहिलेलं नसावं. एका माणसाला वाचायला पाव मिनिट लागेल इतकाच मजकूर. लांब पत्र दिलंत तर एक जण वाचतो आणि चौघं मोबाइल काढतात.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट असेल तर मोडी लिपी वापरा. तेव्हाची दप्तरं सर्रास मोडीत असायची. एका पात्राला मोडी येतं असं आधीच ठरवा. मग चार ओळी मोडीत काढलेला कागद सगळ्यांसमोर टेबलावर टाका, आणि त्याचा बाळबोध, म्हणजे देवनागरीतला, मजकूर घडी घालून फक्त त्या एका खेळाडूच्या हातात द्या. तो वाचतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात, आणि तो ठरवतो किती सांगायचं. मजकुरात एक ओळ अशी ठेवा की त्याच्याच पात्राच्या आजोबांचं नाव त्यात निघेल. बहुतेक जण ती ओळ गाळून वाचतात! पाच मित्रांमध्ये पहिली फट पाडायला एवढा कागद पुरतो.

मिनिएचर आणि मोठे छापील नकाशे पहिल्या खरेदीत अजिबात नकोत. चौकटी आखलेल्या नकाशावर बाहुल्या मांडल्या की खेळाडू अंतरं मोजायला लागतात, आणि अंतर मोजणारा माणूस घाबरत नाही. काही गोष्टी तर नकाशानं मरतातच. चकव्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे शेतीची वीज पाळीनं रात्रीची येते, त्यामुळे अपरात्री केळीच्या बागेत मोटार चालू करायला जाणं ही रोजचीच गोष्ट. पात्रं तिथे का गेली याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही. बाग कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या ओळी सारख्या, डोक्याच्या वर पानं, खाली ठिबकच्या नळ्या, बॅटरीचा उजेड चार झाडांपलीकडे जात नाही. इथे नकाशा काढून दिलात तर चकवा संपला.

त्याऐवजी पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे कापा. एकेकावर एकच जागा: विहीर, मोटारीचं खोकं, बांध, कापलेल्या घडांचा ढीग, शेंदूर लावलेला दगड, तुटलेली नळी जिथे पाणी फवारतंय. गठ्ठा पिसा, खेळाडू पुढे चालतात तसं एकेक कार्ड उलटा. चार कार्डं झाली की उलटलेली कार्डं गुपचूप गठ्ठ्यात परत घाला. काही वेळानं विहीर पुन्हा निघते. तुम्ही काही बोलायचं नाही, कार्ड ठेवायचं. मग एखादा म्हणतो, ‘थांब, ही मघाची विहीर ना?’ तिसऱ्यांदा विहीर निघेल तेव्हा कार्डावर पेन्सिलनं एक शब्द जास्त लिहिलेला असू द्या: ‘विहीर, काठावर चपला.’ दुकानात कार्डांचे सुंदर गठ्ठे मिळतात, पण हे काम त्यांच्याकडून होत नाही.

मेणबत्त्यांचं विचारलंत म्हणून. ‘टेन कँडल्स’ नावाचा खेळ २०१५ साली आला. दहा छोट्या मेणबत्त्या लावून बसायचं, एकेक विझत जाते, अंधार वाढत जातो, आणि शेवटची विझेपर्यंत सगळी पात्रं मेलेली असतात, हे सुरुवातीलाच ठरलेलं. खेळ उत्तम आहे. पण नियम असा की मेणबत्ती कशानंही विझली तरी तो प्रसंग तिथेच संपतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो, पंखा बंद करून पाच माणसं एका खोलीत बसू शकत नाहीत, आणि पंखा चालू ठेवला तर खेळ पहिल्या पावतासात आटोपतो. तो डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. बाकीच्या खेळांना मेणबत्त्या लावून कागद वाचता येत नाहीत, फासे दिसत नाहीत. एक मंद दिवा पुरे. संगीताचंही तेच, रात्रभर वाजणारं भयाण संगीत दहा मिनिटांत कानाला ऐकू येईनासं होतं. शांतता बरी, आणि कुठून तरी कुत्रं भुंकलंच तर ते फुकट.

साहसकथेकडे येतो. पहिली कथा तयार घ्या, स्वतः लिहू नका. तुमच्याकडे कल्पना कमी असतील म्हणून नाही. दोन गोष्टी एकदम शिकणं जड जातं, खेळवणं आणि रचणं. पण तयार कथाही डोळे मिटून घेऊ नका. उघडल्यावर मी पहिल्यांदा बघतो की पात्रांना हे काम कोण देतंय आणि ती उठून घरी का जाणार नाहीत. त्यानंतर जागा मोजतो. चारपाच ठीक, बारा असतील तर नवखा खेळवणारा त्यात स्वतःच हरवतो. मग दुवे. प्रत्येक महत्त्वाची गोष्ट निदान तीन वाटांनी कळायला हवी. जस्टिन अलेक्झांडर या लेखकानं हे सूत्र तीन दुव्यांचा नियम म्हणून मांडलंय आणि ते सोन्यासारखं आहे. खेळाडू पहिला दुवा बघत नाहीत, दुसऱ्याचा अर्थ चुकीचा लावतात, तिसऱ्यावर कसेबसे येतात. रॉबिन लॉज यांनी तर ‘गमशू’ ही पूर्ण पद्धतच या जाणिवेवर उभी केली: योग्य ठिकाणी शोधलं तर मुख्य दुवा मिळतोच, फाशावर अवलंबून ठेवायचा नाही. कुठलाही खेळ खेळवा, हा नियम चोरून घ्या. ‘फासा चुकला, म्हणून पत्र सापडलं नाही, म्हणून गोष्ट इथेच अडकली’ यासारखी रटाळ रात्र दुसरी नसते.

शेवटचं बघायचं ते असं: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होतं? भुताला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते मिळवायला ते पुढे सरकत राहिलं पाहिजे. ‘मॉन्स्टर ऑफ द वीक’ या खेळात प्रत्येक रहस्याला सहा पायऱ्यांची उलटी मोजणी असते, दिवसापासून मध्यरात्रीपर्यंत. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात कुठल्याही खेळाला अशा पायऱ्या लिहिलेल्या असतात. चर्चा रेंगाळली की मी एक पायरी खाली उतरतो आणि बाहेर कोणाचा तरी बैल ओरडतो.

या मापानं प्रत्यक्ष कथा सांगतो, आतली गुपितं न फोडता. कॉल ऑफ थुलूचे प्राथमिक नियम कंपनी फुकट देते आणि त्यातच ‘द हाँटिंग’ ही कथा आहे. खेळाच्या पहिल्या आवृत्तीपासून ती या ना त्या रूपात चालत आलीय. घरमालकाचं घर भाड्यानं जात नाही, तो पैसे देऊन तपास करायला सांगतो, आधी कागदपत्रं धुंडाळायची, मग घरात शिरायचं. कारण स्पष्ट, जागा मोजक्या, हँडआउट भरपूर. तुमच्या पाच जणांसाठी माझं मत हिलाच. याच खेळाचा स्टार्टर सेट घेतलात तर त्यात तुम्ही एकट्यानं वाचत खेळायची एक कथा आहे, मग एक खेळवणारा आणि एक खेळाडू अशी ‘पेपर चेस’, मग गटासाठी मोठ्या कथा. शिवाय फासे, तयार पात्रं, कागद सगळं. नवख्या खेळवणाऱ्याला शिकवायचा यापेक्षा शहाणा क्रम मी पाहिलेला नाही. एका मित्राला आधी ‘पेपर चेस’ खेळवून घ्या, पाच जणांच्या रात्री तो तुमचा अर्धा भार उचलेल.

‘डेल्टा ग्रीन’चा ‘नीड टू नो’ हा छोटा संच आहे, त्यात नियम, स्क्रीन आणि ‘लास्ट थिंग्ज लास्ट’ ही कथा. एका मेलेल्या सहकाऱ्याचं सामान आवरायला जायचं, एवढंच काम. फार आटोपशीर आणि फार वाईट वाटायला लावणारी कथा. पण अमेरिकन सरकारी यंत्रणांचं वातावरण तुमच्या मित्रांना परकं वाटेल, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाले तुम्हाला ‘डेथ हाउस’ सुचवतील, ‘कर्स ऑफ स्ट्राड’ची २०१६ मधली सुरुवातीची कथा. वाडा झकास आहे, पण नवी पात्रं त्यात पटापट मरतात अशी तिची ख्याती आहे, आणि तो खेळ मुळात लढाईचा. भीतीसाठी घ्यायचा असेल तर तिकडे जाऊ नका.

‘इथल्या भुतांवर लिहू का’ याचं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे. सांगाडा तयार कथेचा ठेवा, मांस आपलं चढवा. मी ‘द हाँटिंग’ बॉस्टनमध्ये खेळवतच नाही. काळ तोच, १९२०चं दशक; जागा अमळनेरजवळचं एक काल्पनिक गाव आणि त्यातली पडकी गढी. गढीचा वारस ती विकायला काढतोय, गिऱ्हाईक टिकत नाही. कागद शोधायला पात्रं जातात तेव्हा इतिहास आपोआप मदतीला येतो: खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. म्हणजे गोष्टीत अलीकडचं दप्तर जळगावला ठेवा आणि त्याआधीचं धुळ्याला. धुळ्याला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, म्हणजे मोजणीची एक पायरी खाली. खेळाडूंना निवड करावी लागते, आणि निवड करायला लागली की ते आपसात भांडतात. इंग्रजी कथेत विद्यापीठातला पंडित असतो, तिथे मी अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर घालतो. १९१६ साली निघालेली संस्था, तिथल्या एखाद्या काल्पनिक अभ्यासकाला चार विक्षिप्त गोष्टी ठाऊक असणं कोणालाही खटकत नाही.

तळघराच्या जागी पेव. धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड अरुंद, आत अंधार. पेवाची खरी भीती कुठल्याही भुताहून मोठी आहे. साठवलेलं धान्य श्वास घेत असतं, बंद पेवातला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आणि घाईनं उतरलेला माणूस तिथेच गुदमरतो. जुनी माणसं म्हणूनच पेव उघडून आधी वारं खेळू देत, मग उतरत. आता गोष्टीत या पेवात पूर्वी दोन माणसं दगावलेली आहेत. पात्रं दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील अर्ध्यावर विझतो. वायूनं विझला की कोणी विझवला? शिकलेलं पात्र म्हणेल वायू. गढीचा म्हातारा राखणदार म्हणेल, ‘आठे रातले कोनी येत नही, भाऊ’ (इथे रात्री कोणी येत नाही), आणि पुढे काही बोलणार नाही. तुम्ही दोघांपैकी कोणाचीही बाजू घ्यायची नाही. पुन्हा कंदील लावून सोडला तर या वेळी तो तळापर्यंत जळत जातो, आणि तळाला धान्य नसतं. यापुढचं मी लिहीत नाही, तुमचे मित्रही हे वाचत असतील.

मुंजा, म्हसोबा, वेताळ, हडळ यांच्यावर पुढे स्वतंत्र कथा कराल तेव्हा ‘व्हेसेन’ जरूर वाचा. तो खेळ एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्डिक लोककथांवर बेतलाय, पण त्याची रीत आपल्याला चपखल बसते: भूत उगाच छळत नाही, गावातल्या माणसांनी काहीतरी मोडलेलं असतं, आणि त्याला गोळी घालून भागत नाही, ते काय होतं हे शोधून काढून फेडावं लागतं. बांधाचा दगड सरकवल्यावर चिडणारा म्हसोबा यात जसाच्या तसा बसतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो, तुम्ही शहाद्याचे म्हणून आणखी ठामपणे. डाकीण खलनायिका करू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच अघोरी प्रथांमुळे. ज्या गोष्टीत ‘गावाचा संशय खरा निघतो आणि ती बाई खरंच डाकीण असते’, ती गोष्ट टेबलावर बसलेल्या एखाद्याच्या घरातली असू शकते. उलट, गाव एका बाईकडे बोट दाखवतंय आणि पात्रांना दिवस उजाडायच्या आत खरं कारण शोधायचंय, ही कथा करा. भुताच्या पायऱ्यांबरोबर जमावाच्याही पायऱ्या लिहा. माझ्याकडे यापेक्षा जास्त अंगावर येणारा प्रकार नाही. तसंच चालू पूजेतली दैवतं, आपली कानबाई किंवा गावची मरीआई, राक्षस म्हणून घेऊ नका. काल्पनिक गाव आणि देवाचं काल्पनिक ठाणं घेतलं की कोणी दुखावत नाही.

याला जोडूनच सगळ्यात स्वस्त सामान: एक कोरं कार्ड, त्यावर मोठी फुली. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी २०१३ च्या सुमारास आणलेली ही एक्स-कार्डची पद्धत. कार्ड मध्ये ठेवायचं, कोणाला काही नको वाटलं तर त्यावर बोट ठेवायचं, कारण विचारायचं नाही, तो भाग गाळून पुढे जायचं. मित्रमंडळीत हे औपचारिक वाटतं, मान्य. पण कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलेलं असतं, कोणाला विहिरीत बुडण्याचा विषय सोसत नाही, आणि पाच जणांत तोंडानं ‘नको’ म्हणणं पुरुषमाणसाला जड जातं. बोट ठेवणं सोपं.

तर चार हजारांचा हिशेब. प्राथमिक नियम फुकट उतरवून घ्या, हँडआउटच्या प्रती काढा, दशकाच्या जादा फाशांसह दोन जोड फासे घ्या, फायली आणि पुठ्ठा घरचा. ‘द हाँटिंग’ गढीवर नेऊन खेळवा. मंडळी पुन्हा कधी बसायचं असं विचारायला लागली तरच स्टार्टर सेट मागवा. परदेशी डबे टपालखर्चासह महाग पडतात, आणि न जमलेल्या गटाच्या घरी तो डबा धूळ खातो. कंपनीची स्क्रीन त्याहीनंतर. कॉल ऑफ थुलूच्या स्क्रीनबरोबर ‘ब्लॅकवॉटर क्रीक’ आणि ‘मिस्ड ड्यूज’ अशा दोन कथा येतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या खेपेला कथा म्हणूनच ती घेणं परवडतं. पात्रं आधीच तयार करून न्या, आणि पाचाऐवजी सात करा. निवडायला मिळालं की माणूस पात्राला आपलं म्हणतो, आणि एखादं मेलंच तर उरलेल्यांतून दुसरं लगेच हाती देता येतं.

भाच्याचं. त्या रात्री नको. तो घाबरेल म्हणून नाही, बारा वर्षांची पोरं आपल्यापेक्षा धीट असतात. पण तो बसला की तुमचे मित्र आवाज खाली आणतील, एकमेकांना डोळे मारतील, मामा म्हणून तुमचाही हात आखडेल, आणि खेळ गमतीवर जाईल. त्याला दुपारी घेऊन बसा, चकव्याची कार्डं कापायला लावा आणि केळीच्या बागेची गोष्ट त्याच्यावरच आधी खेळवून बघा. कोणत्या कार्डाला तो थबकतो ते नीट लक्षात ठेवा. रात्री तेच कार्ड तिसऱ्यांदा काढायचं.